साहेबांसाठी राखीव चूक

साहेब ओरडल्याशिवाय काम होत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. (ओरडल्यावरही होत नाही, पण ती बाब वेगळी.) पत्रव्यवहार विभागातल्या माणसाचा दिवस साठ टक्के भीतीत, तीस टक्के त्या भीतीतून सावरण्यात आणि वीस टक्के प्रत्यक्ष कामात जातो, असे आमचे निरीक्षण आहे.

या विभागात बिनचूकराव बावीस वर्षे कारकून होते. नाव टोपण, पण कमावलेले. नवे साहेब आले आणि पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. बिनचूकरावांच्या मसुद्यात साहेबांना चूक सापडेना. सापडेना म्हणून ते अडीच तास ओरडले, आणि ओरडत ओरडत बिनचूकरावांच्या वडिलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचले. दुसऱ्या दिवशी त्या धास्तीत मसुद्यातली तारीख चुकली. साहेब चारच मिनिटे ओरडले, तारखेभोवती लाल गोल काढला आणि चक्क चहा मागवला.

शहाण्याला शब्दाचा मार. विभागाने एकमताने ठरवले, की यापुढे प्रत्येक मसुद्यात साहेबांसाठी एक चूक राखीव ठेवावी. पहिल्या पानावर, ठळक, त्यांच्या चष्म्याला झेपेल अशी. हे काम अर्थातच बिनचूकरावांकडे आले. चूक कुठे शोभून दिसेल, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?

विभाग सुखात होता. बिनचूकरावांच्या हाताला मात्र चुकांचेच वळण लागले.

"अहो, पोरीच्या शाळेच्या अर्जात आईच्या नावापुढे तुमच्या आईचं नाव लिहिलंत! तुम्हाला झालंय तरी काय?" बायको म्हणाली.

बिनचूकरावांनी तो अर्ज पुन्हा वाचला. बावीस वर्षे जपलेला बिनचूक माणूस आपल्याच हाताने पुसला जातोय, याचे त्यांना फार वाईट वाटले. इथून सुटायचेच, असे ठरवून त्यांनी बदलीचा अर्ज सात वेळा लिहिला आणि सातवा साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "एक कागद तरी धड लिहिलात!" म्हणत, जाणाऱ्या माणसावर ओरडणे वाया म्हणून, तिथल्या तिथे सही केली.

'कोणत्या विभागात बदली हवी' या रकान्यात बिनचूकरावांनी सवयीने 'पत्रव्यवहार विभाग' असे लिहिले होते. सोमवारी ते तिथेच रुजू झाले. (निरोप आणि स्वागत एकाच पुष्पगुच्छात उरकले.)

वाचकांच्या सोयीसाठी याही मजकुरात, पहिल्याच परिच्छेदातल्या टक्केवारीत, एक चूक राखीव ठेवली आहे. ती दिसून जरा बरे वाटले असेल, तर साहेब, या, आत बसा. दिसली नसेल, तर बिनचूकरावांच्या शेजारची खुर्ची रिकामीच आहे.