कौल लावून निवडलेला सर्जन

संतोषदादाच्या रिक्षातला आरसा मागचा रस्ता दाखवत नाही. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचं कपाळ आणि त्यावरचे केस दाखवतो, आणि दादाने तो मुद्दाम तसा फिरवून ठेवलेला असतो. वीर स्टेशनात मुंबईकडची गाडी लागली की बाकीचे रिक्षावाले "महाड, महाड" करत लोकांच्या बॅगांना हात घालतात. हा डोकी बघत उभा. चाळिशीचा माणूस, केस दाट, पण कपाळावरची केसांची रेघ जरा जास्तच सरळ, असा कुणी दिसला की दादा बाकीची भाडी सोडून त्याला बसवणार आणि हायवे यायच्या आत विचारणार, "कोणाच्या हातचं हाय?"

पानातल्या मटणाबद्दल विचारावं तसं. एक गृहस्थ तर भडकून मध्येच उतरले आणि बॅग घेऊन चालायला लागले. त्यांचे केस जन्मापासून त्यांचेच होते, कुणा डॉक्टरने लावलेले नव्हते. दादाला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही. "विचारलेलं बरं," म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत मागून फिरलेली केसांची एक पट्टी होती, बाकी सगळं लख्ख. वय बेचाळीस, लग्न नाही. पोलादपूरच्या वर एका वाडीत तो आणि त्याची आई. मी महाडात राहते, वीर स्टेशनाला त्याच्याच रिक्षाने जाते-येते, दवाखान्यांच्या बेपर्वाईविरुद्ध पत्रकं काढते आणि एसटी स्टँडवर वाटते. त्यातल्या निम्म्या पत्रकांत लोक वडापाव बांधून नेतात, ते असो. ही माहिती कळल्यावर दादाने मला परस्पर सल्लागार नेमलं. "तू डॉक्टरांच्या विरोधात लिहितेस ना गो? मग चांगला कोण ते तुलाच ठाव असणार."

केस लावण्याचं सगळं शास्त्र त्याने भातशेतीत बसवून टाकलं होतं. डोक्याच्या मागे राब, म्हणजे रोपं वाढवायची जागा. पुढे शेत मोकळं पडलेलं. राबातली रोपं उपटायची आणि पुढे लावायची. मोबाइलवर क्लिनिकांच्या जाहिराती आल्या की तो 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बोटांनी मोठे करून बघायचा आणि बांधावरून बोलावं तसं बोलायचा. "हे शिकाऊ माणसाचं काम हाय. हारीत लावलंय बघ. देवानं कोणाचे केस हारीत लावलेत काय?"

मला संताप यायचा तो त्या जाहिरातींचा. सर्जरी विकायची आणि फोनवर बोलायला बसवायच्या गोड आवाजाच्या मुली. डॉक्टर कोण, विचारलं की 'आमची टीम'. धोका काय, विचारलं की 'आमचे समाधानी ग्राहक'. पेशंटला ग्राहक म्हणणाऱ्या दारात माणसाने पाऊल टाकू नये, असं मी पत्रकात छापलेलं आहे. दादालाही ऐकवलं. वर एक भाषणही दिलं, की टक्कल हा काही रोग नाही, मुलगी बघायला जाताना ताठ मानेनं जा, हा सगळा बाजाराचा खेळ आहे. महाड येईपर्यंत त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मग नाक्यावर रिक्षा बाजूला घेतली.

"मुलगी कोण बघतंय? माझी आय जेवत नाय गो."

त्याच्या आईला हल्लीचं काही आठवत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवतं. त्या काळात तिच्या मुलाला, संत्याला, भरगच्च केस होते आणि घरात टक्कल फक्त एका माणसाला होतं, तिच्या सासऱ्यांना. त्यामुळे दादा घरात शिरला की ती पदर डोक्यावर ओढते, ताडकन उठते, भिंतीला लागून उभी राहते. समोरचं ताट तसंच राहतं. सासऱ्यांच्या समोर सून कशी जेवणार? शेजारच्या काकी दुपारचे दोन घास भरवतात. संध्याकाळी काकी शेतावरून दमून येतात, तेव्हा दादाच्या आईचं जेवण हुकतं. दादा स्वतः अंगणात रिक्षात बसून जेवतो, पण सासरे बाहेर बसलेत हे तिला ठाऊक असतं, ती ताटाला हात लावत नाही.

त्याने टोपी घालून पाहिली. सासरेही टोपी घालत, त्यामुळे खात्रीच पटली. मग नाटकवाल्याकडून विग आणला. तो घालून आत गेला तर तिने काठी उचलली, घरात चोर शिरला म्हणून. संत्याचा बारावीचा फोटो मात्र ती उशाशी ठेवते आणि येईल त्याला विचारते, हा अजून कसा आला नाही.

एवढं ऐकल्यावर भाषण तिथेच सोडलं. मी कामाला लागले. डिग्री खरी की खोटी, वैद्यकीय परिषदेत नोंदणी आहे की नाही, सगळं तपासून बारा नावांतून तीन काढली. तिन्ही मुंबईकडची. आता यातलं एक निवडायचं, तर दादा म्हणाला, "ते देवी सांगेल."

आमच्याकडे मोठं काम कौलाशिवाय होत नाही. गुरव देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार. मी वाद घातला, पत्रकाचा मुद्दा क्रमांक चार, 'उपचार देवावर सोडू नका', म्हणून दाखवला. शेवटी मीच कागद धरून देवळात उभी होते, आणि गुरव तिन्ही डॉक्टरांची नावं डिग्री आणि नोंदणी क्रमांकासकट देवीला वाचून दाखवत होता. क्रमांक घालायचा आग्रह दादाचा. "हिनं एवढी मेहनत केलीय," म्हणाला. पहिल्या दोघांना डावी पडली. तिसऱ्याला उजवी, तीही लगेच. दादाने सरळ लोटांगण घातलं.

ऑपरेशनच्या दिवशी ते तिसरे डॉक्टर आले. पेनाने दादाच्या कपाळावर रेघ मारली, पाठीवर थाप मारली आणि गेले ते परत दिसलेच नाहीत. मागचे केस उपटले आणि पुढे लावले ते दोन पोरांनी. दादा पालथा पडून त्यांच्या गप्पा ऐकत होता. त्यातला एक दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सलूनमध्ये कामाला होता.

मी हे ऐकून बस स्टँडवरच ओरडले. ज्याने अख्ख्या मुंबईला 'कोणाच्या हातचं' विचारलं, त्याने तिथे का नाही विचारलं? दादा खाली बघत म्हणाला, "मोठा माणूस गो तो. त्याला कसं विचारणार? आणि देवी खोटं नाय बोलली. मी तिला डॉक्टराचं नाव विचारलं. त्या पोरांची नावं मला कुठं ठाव होती?"

आणि ज्या गावात मालक छत्री धरून बांधावर उभा राहतो आणि चिखलात वाकतात दुसरेच, त्या गावातला हा माणूस. त्यालाच हे सुचू नये, याचीच माझी डोकेफोड होती. पण खरं सांगायचं तर हात कोणाचा लागणार हा प्रश्न माझ्याही पत्रकात नव्हता.

महिन्याभरात लावलेले केस गळले. मी घाबरले, दादाच मला समजावत होता, की लावलेलं आधी पिवळं पडतं, मग धरतं. वर्षभर त्याने वाट पाहिली. धरलं ते इतकंच, की कपाळावर चार ठिकाणी ताठ झुबके आणि मध्ये मोकळी जमीन. मागची पट्टीही आता जागोजाग उघडी पडली होती. त्या वर्षात आई इतकी वाळली की काकी तिला एका हाताने उठवून बसवत.

शेवटी महाडातल्याच एका वयस्क त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्या दारावर साधी पाटीसुद्धा धड नव्हती. त्यांनी दिव्याखाली डोकं तपासलं, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "मागे काढण्यासारखं आता काही उरलेलं नाही. मी करणार नाही, दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. आणि केस आले असते तरी आईंनी ओळखलं असतं, असं मी सांगितलं नसतं."

बाहेर आल्यावर दादा बराच वेळ पायरीवर बसला. "ही बाय खरी," म्हणाला. "हिचं नाव आपण कौलाला घातलंच नाय." महाडात कोण असणार, असं ठरवून बाराची यादी मीच केली होती.

मी परिषदेकडे तक्रार लिहिली आणि सहीसाठी त्याच्या वाडीवर गेले. संध्याकाळची वेळ. काकी शेतावरून आल्या नव्हत्या. दादाने भात आणि कालवण ताटात वाढून आत ठेवलं होतं आणि तो अंगणात आला होता. कागद वाचायला घेतला, अर्ध्यात खाली ठेवला, आणि उठून उंबऱ्याकडे गेला. आत जायच्या आधी तो मोठ्याने खाकरला, घरातल्या सुनांना कळावं म्हणून जुने सासरे खाकरत तसा. आतून बांगड्या वाजल्या. पदर घेतला गेला असणार.

दादा आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर, आईकडे पाठ करून उभा राहिला. मग असा आवाज काढला जो मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता, जड आणि म्हातारा.

"मी हितं बाहेर हाय. तुझ्याकडं बघत नाय. जेवून घे गो पोरी."

मग ताट सरकल्याचा आवाज आला. ती जेवत होती. दादाचं तोंड माझ्या बाजूला होतं आणि मला मान वळवावी लागली.

"मामंजी," आतून हळू आवाज आला, "संत्या नाय आला अजून?"

"वाटेवर हाय."

"उशीर झाला म्हनून त्याला वरडू नका हां. गुणाचा हाय तो."

"नाय वरडत," दादा म्हणाला. "तू जेव."