खात्री आहे का?

परिषदेत बोलायला वीस मिनिटं मिळाली होती आणि तेवढ्यात चार माणसांच्या नोकऱ्या वाचवायच्या होत्या. त्या चारांत विभागप्रमुख स्वतःही होते, त्यामुळे तळमळ अगदी खरी होती. जावा या संगणकभाषेत डेस्कटॉपची सॉफ्टवेअर बनवणारा त्यांचा विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे मोठे साहेब आजच ठरवणार होते. ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

"लोक म्हणतात, सगळं ब्राउझरमध्ये गेलं, डेस्कटॉप मेला," विभागप्रमुख माइकवर गरजले. "मेला काय? माझ्या बायकोचा अख्खा दातांचा दवाखाना सात वर्षं आमच्या सॉफ्टवेअरवर चाललाय. हे बघा!"

नमुन्याच्या नोंदी खोट्या वाटतात म्हणून हा भला गृहस्थ लॅपटॉप थेट दवाखान्याच्या खऱ्या नोंदींना जोडून बसला होता. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला यांनी उभा सोलला असता.

"समजा, डॉक्टर आजारी पडल्या. हे बटण दाबलं की आजच्या सगळ्या पेशंटना निरोप जातो. अर्थात आधी 'खात्री आहे का?' असं विचारतं. आपण तिथंच थांबायचं."

बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर काहीच आलं नाही. विचारणारी चौकट आली होती, पण समोरच्या लॅपटॉपवर, आणि विभागप्रमुख मान वळवून मागच्या पडद्याकडे बघत होते. चौकट कायम पहिल्या स्क्रीनवरच उघडावी, हे त्यांनीच कधीकाळी लिहून ठेवलं होतं. "जरा अडकलंय," म्हणत त्यांनी एंटर दाबलं. चौकटीला तेच हवं होतं. निरोप गेला, आणि तिनं पुढं विचारलं, पुन्हा पाठवू? त्यांनी पुन्हा एंटर दाबलं. असं चारदा झालं.

तेवढ्यात माइकजवळ ठेवलेला फोन वाजला. घाईत नेमका स्पीकर चालू झाला.

"अहो, मी आज दवाखान्यात नाही म्हणे!" डॉक्टरीणबाईंचा आवाज सभागृहभर घुमला. "माझा हात या माणसाच्या तोंडात, आणि याच्या मोबाइलवर निरोप, डॉक्टर आज येणार नाहीत! चार वेळा! निघालाय तो उठून!"

"अगं, मग सांग ना त्याला, तू आहेस म्हणून!"

"सांगितलं! म्हणतो, लेखी आलंय. बाहेरचे अकरा तर कधीच पळाले. दात काढायला आलेली माणसं ती, त्यांना निमित्तच हवं असतं!"

हे बसवून आणलंय असं समजून सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. विभागप्रमुखांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब मात्र हसले नाहीत. "निरोप झटकन जातात, ते दिसलं," चहाच्या टेबलाशी ते म्हणाले. "पण ग्राहक समाधानी आहे का? पाच वाजेपर्यंत लेखी आणा. नाहीतर विभाग बंद."

"दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचं चालेल का, सर?"

"छे. याच बाईंचं हवं."

दवाखान्याला कुलूप होतं. विभागप्रमुख धावतपळत घरी पोचले, तर बाईसाहेब कोचावर पाय पसरून कादंबरी वाचत होत्या. विभागप्रमुखांनी चाचरत सगळं सांगितलं.  बाईंनी कागद मागून घेतला आणि सरळ लिहिलं, "सात वर्षांत आज प्रथमच मी दुपारी घरी येऊन गरम जेवले आणि दोन तास झोपले. सॉफ्टवेअरबद्दल पूर्ण समाधानी आहे."

साहेबांनी फक्त शेवटचं वाक्य वाचलं आणि विभाग वाचला.

संध्याकाळी विभागप्रमुख हरखून घरी आले. "शप्पथ सांगतो, उद्या पहिलं काम, ती चौकट दुरुस्त करतो."

"खबरदार हात लावलात तर!" ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "आणि काय हो, पुढच्या शुक्रवारी तुमचं कुठं भाषण नाही का?"