पाठीवरच्या डोंगराची मोहीम

शके अठराशे ब्याऐंशी. मध्यप्रदेशाची राजधानी इंदुरास न मिळता भोपाळास गेली, त्या दुःखास चार साले लोटली होती. ते समयी बडा गणपतीमागील आळीत राजमान्य राजश्री रघुवीरराव, निवृत्त ग्रंथपाल, यांस पुतणी चारुलताबाई यांचे पत्र आले आणि त्याचा जबाब गेला नाही. सबब पुढील सारे रण माजले.

चारुलताबाई मूर्तिकार. हुन्नर ऐसा की बांबू, तरट आणि कागदाचा लगदा यांची गुहा करावी, आत झरा रंगवावा, आणि अवघा डोंगर पाठीवर घेऊन ऐन गर्दीत उतरवावा, मग थकल्या जिवास आत बसवून आपण बाहेर डोंगरास टेकून शिळा होऊन निश्चल उभे राहावे. पत्री मजकूर की, "काकासाहेब, तुम्हाला एकांत आवडतो, म्हणून मी ही छोटीशी चेष्टा केली आहे. भोपाळच्या प्रदर्शनात आत तुम्हीच बसा. तुम्ही नाही तर डोंगर नेणार नाही."

रघुवीररावांनी 'चेष्टा' वाचिले आणि चष्मा काढून ठेविला. आपल्या भिडस्तपणाची थट्टा घरच्याच लेकीने मांडली, ऐसा समज जाहला. आणि मग थट्टा रास्तच असेल ऐसाही संशय आला, तेणेकरून राग धरणेही नीट साधेना. दौत पुढे घ्यावी आणि मागे सारावी, यांतच पंधरवडा गेला.

जबाब नाही ऐसे पाहून बाईंनी खासा डोंगर पाठीवर घेतला आणि काकांचे आळीवर चालून आल्या. पोहे-जिलबीचे दुकानासमोर डेरा पडला, रयत लोटली, आणि नेमके तेच समयी रघुवीरराव दुधाची लोटी घेऊन निघाले ते वेढ्यात सापडले. दुकानदार उदयसिंह यांनी भर बाजारी फर्माविले, "अरे भिया, घरचा माणूस तर इथंच आहे. रघुवीररावजी, उद्घाटन करा, दो शब्द बोला."

दोन शब्द! रघुवीरराव सरदारांचे पायांखालील जमीन सरकली. मागे रयत, डावीकडे कढई, उजवीकडे गाय. मोकळी वाट एकच, आणि रघुवीरराव लोटीसुद्धा गुहेत शिरले.

आत अंधुक उजेड, मातीचा वास, आणि बाजाराचा गलबला तरटाआडून परगावचा वाटे. दोन शब्द कोणी मागेना. सरदारांचा श्वास कैक वर्षांनी पोटापर्यंत गेला. मग पाय आखडले म्हणोन उठू लागले, तो बाहेरील शिळेने ओठ न हालविता हुकूम सोडिला, "काकासाहेब, एकदम उठायची चेष्टा करू नका. छत डोक्यावर येईल."

तेव्हा उजेड पडला. पोर इंदूरची, तिचे मराठीत हिंदी शब्द बिनपरवाना ये-जा करीत. तिची चेष्टा म्हणजे प्रयत्न. थट्टेचे नामोनिशाण नव्हते.

शिळेने हळूच पुसिले, "मग, येणार ना?"  सरदार रांगत बाहेर आले, घरी गेले, दौत पुढे घेतली ती मागे सारली नाही, आणि लिफाफा घेऊन परतले. पुतणी वीतभर अंतरावर उभी असता तिचे हाती न देता, मान खाली घालून, नाक्यावरील तांबड्या पेटीत तिचेच नावे टाकिला. आत एवढेच, "येतो. भाषण कोणी मागू नये."

पत्र पडल्याचा आवाज ऐकून शिळा हसली आणि डोंगर हालला. रघुवीररावांची फत्ते जाहली.