हिलाल नानांच्या जीपचे पट्टे

आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. आई-वडील नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायचे. घरी आल्यावर आग शमवायला आई हात ताकात बुडवून बसायची. गाडीत बसायचं सुख मला पहिल्यांदा मिळालं ते शेजारच्या हिलाल नानांच्या जीपमध्ये, आणि तीही उभी. अंगणातल्या निंबाखाली उभ्या असलेल्या त्या जीपमध्येसुद्धा नाना पट्टा बांधल्याशिवाय कुणाला बसू देत नसत.

"पह्यले बांध, मंग सांग," हे त्यांचं वाक्य. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणाही आधी बांधला जायचा.

मग नाना डोळे अर्धे मिटून गाडी 'चालवत'. "आते तापीना पूल ऊना... आते केळीना मळा..." बोनेटवरून निंबाची सावली सरकायची आणि खरंच वाटायचं, रस्ताच सरकतोय. शाळेचा अभ्यास मांडीवर ठेवून मी कितीतरी गावं अशी झोपेत ओलांडली.

जीप फार जुनी. दारं नाहीत, आणि पट्टे तर तिला जन्मापासूनच नव्हते. पूर्वी एकदा वळणावर शेळी आडवी आली, नानांनी गाडी एकदम वळवली आणि शेजारी बसलेल्या जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर फेकल्या गेल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, पण जिजी पुन्हा जीपमध्ये बसल्या नाहीत. खापरला माहेरी जायच्या त्या एसटीने. आणि नाना एसटीच्या मागे मागे, शेजारची रिकामी सीट घेऊन. एसटी थांब्यावर थांबली की हेही थांबत. कंडक्टर ओरडायचा, "नाना, जीपनं बी तिकीट फाडू का?"

जिजींना पुन्हा शेजारी बसवायचं, एवढाच त्यांना ध्यास. त्यासाठी डॅशबोर्डवर गोधडी शिवली, मानेमागे उशी बांधली. पट्टे केले ते खाटेच्या नवारीचे, सीटच्या नळीला गाठ मारून.

मी मेकॅनिकलची पदवी घेऊन आले. घराण्यातली पहिली, हे सांगायला मला लाज नाही. नाना म्हणाले, "इंजिनेर, दख." मी पट्टा ओढला. सीटच हातात आली.

"नाना, माणूस सीटसकट बाहेर पडेल!"

"पडी ते बठेलच पडी ना!" म्हणजे पडला तरी बसल्या बसल्याच.

मग आम्ही खरे पट्टे आणले. गाडीच्या तळातून बोल्ट आरपार घेतले, खाली जाड लोखंडी पट्ट्या देऊन ते चासीला आवळले. खांद्यावरच्या पट्ट्यासाठी मागे पाईपची कमान वेल्ड केली. फुटली तरी अंगावर न येणारी काच बसवली. पट्टे आले तीन: जिजींच्या सीटला एक, मागे दोन. "तुमचा?" मी विचारलं.

"माले स्टेअरिंग शे ना धराले."

मी ऐकून घेतलं. घ्यायला नको होतं.

एका सकाळी जिजी पिशवी घेऊन आल्या. त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि बसल्या. नानांना किल्ली सापडेना. ती हातातच होती. जिजींनी त्यांच्या बाजूला पाहिलं.

"तुम्हना पट्टा कोठे शे?"

नानांनी स्टेअरिंगकडे बोट दाखवलं.

"इतला वरीस मी कोनासाठे भ्याऊ, असं वाटस तुम्हले? मी पडनू तव्हय तुम्ही बी चालू गाडीमाईन उडी टाकी मन्हा मांगे. गाडी एकटीच चालनी गई, नालामा."

जिजींमागे नानांनीही चालत्या गाडीतून उडी घेतली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नाना मान खाली घालून गोधडीचा टाका उसवत बसले. जिजी उतरून घरात गेल्या.

चौथा पट्टा मी दुसऱ्याच दिवशी बसवला. त्यानंतरच्या सकाळी जिजींनी तो स्वतः नानांच्या खांद्यावरून ओढला, खटका वाजेपर्यंत दाबला, आणि मग शेजारी बसून आपला बांधला. मी मागे बसले.

तापीवर धुकं होतं. पूल पुढून दिसत नव्हता, मागूनही नाही. पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंच्या शेतांतला कापूस पांढरा होऊन वर उचलल्यासारखा वाटत होता आणि जीप ताशी तीसच्या वेगाने त्यातून तरंगत चालली होती. नाना एकही गाव मोठ्याने सांगत नव्हते. तळोद्याच्या पुढे जिजींना डुलकी लागली. डोकं कलंडलं, पट्ट्याने सावरलं.

साडेअकराला आम्ही खापरला पोहोचलो. एकोणीस वर्षांनी जिजी नानांच्या शेजारी बसून माहेरी आल्या होत्या.