भवानी काही होईना

सकाळपासून वैजनाथची चुळबुळ थांबत नव्हती. वारंगा फाट्यावरच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात तो तेच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत होता आणि रस्त्याकडे बघत होता. रुसून नरसीला माहेरी जाऊन बसलेली बायको, रागिणी, आज परत येणार होती. तिने फोनवर बजावलं होतं, "डोंगरकड्याच्या स्टँडवर तुमी सोता उभे पाहिजेत. न्हाई दिसले, तर तिथूनच वापस."

घर होतं ते डोंगरकडा काही लांब नव्हतं. मोटरसायकल दारातच होती. घोडं अडलं होतं ते भवानीपाशी. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय शटर ओढायचं नाही, हा वैजनाथच्या वडिलांपासूनचा नेम. खरं तर भांडणही या नेमापायीच पेटलं होतं. रागिणीच्या भाचीच्या बारशाला हा गडी भवानीची वाट बघत बसला आणि पोहोचला तेव्हा लोक पान खाऊन उठत होते.

तेवढ्यात शाळेतले शिवप्रसाद सर आत शिरले. वैजनाथचा चेहरा उजळला.

"या सर! काय देऊ?"

"घ्यायचं काही नाही. मराठी भाषा दिनाला बाजारातल्या शब्दांवर भाषण आहे माझं. भवानी हा शब्द आला कुठून, काही ऐकलंय का तुम्ही?"

पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं की अख्खा दिवस वाया, हीसुद्धा वडिलांचीच शिकवण. आता सरांना सोडता येईना आणि सर काही घेईनात.

"सर, एक चमचा तरी घ्या की."

"चमचे घरात ढीगभर आहेत. तर, कोणी म्हणतं, देवीचं नाव घेऊन धंदा सुरू करायचा, म्हणून भवानी. कोणी म्हणतं, हे हिंदीतल्या बोहनीचं रूप. आणि बोहनी म्हणे संस्कृतातल्या बोधनातून, म्हणजे जागं करण्यातून आली. तुमचं मत काय?"

"माझं मत, तुमी झारा घ्या."

शेवटी सरांना दया आली. त्यांनी झारा उचलला आणि मोबाईल काढला. "ऑनलाईन पाठवतो."

"न्हाई न्हाई! भवानीचा पैसा डोळ्याला लावावा लागतो. मोबाईल लावू का डोळ्याला?"

"नोटा कोण बाळगतं आता? मग उधार ठेवा."

"उधारीची भवानी!" वैजनाथने कानांवर हात ठेवले.

इतक्यात द्वारकाबाई आल्या. त्यांच्या कनवटीला नोटा होत्या. वैजनाथला देवच भेटल्यासारखं झालं. त्यांनी कुकर उचलला, भाव ऐकला आणि नाक मुरडलं.

"लई महाग सांगून राहिला रे."

"बाई, आत्ताच घासाघीस करा," सर उत्साहाने म्हणाले. "भवानीच्या वेळी दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवत नाही!"

द्वारकाबाईंनी लगेच निम्मा भाव सांगितला.

"मावशी, घरातून घालू का मी?"

"न्हाई तर ऱ्हाऊ दे. मी जाते."

त्याच वेळी हिंगोलीहून आलेली बस फाट्यावर क्षणभर थांबली आणि डोंगरकड्याकडे सुटली. वैजनाथचा धीरच सुटला.

"न्या मावशी, निम्म्यात न्या!"

द्वारकाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढ्या लवकर भाव पाडला? मंजी मालातच खोट हाये." कुकर खाली ठेवून त्या चालत्या झाल्या.

वैजनाथ डोकं धरून खाली बसला.

"एक चमचा द्या," वरून आवाज आला आणि काउंटरवर नोट पडली. त्याने वर न बघताच ती उचलली, डोळ्यांना लावली, चमचा पुढे सरकवला. मग मान वर केली. समोर पिशवी घेऊन रागिणी उभी होती.

"माहीत होतं मला, तुमी स्टँडवर दिसणार न्हाई. म्हणून हितंच उतरले."

वैजनाथ आनंदाने ताडकन उठला. पण सरांना शंका आली.

"वहिनी, घरच्या माणसाच्या पैशाने भवानी होते का?"

वैजनाथचा चेहरा पडला. "न्हाई होत," तो पुटपुटला.

"मी कुठं घरची हाये अजून?" रागिणी म्हणाली. "माहेराहून आलेलं गिऱ्हाईक हाये. वापस पाठवायचं का घरी न्यायचं, ते तुमी ठरवा."

सर मान डोलावत झारा जागेवर ठेवायला आतल्या फळीकडे वळले. वैजनाथने तिची पिशवी घेतली, दणक्यात शटर ओढलं, कुलूप घातलं आणि गाडीला किक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला धंद्याची आठवण होत नव्हती.

फाटा बराच मागे पडल्यावर रागिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आवो, ते सर आतच ऱ्हायले का?"

वैजनाथने करकचून ब्रेक दाबला.