टेकडीवरील उंबराची हकीकत

श्रीधरित्री प्रसन्न. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, आश्विन मासीं जें घडलें तें येथें यथास्थित लिहिलें असे.

एका राज्यांत वस्त्रें रंगविण्याचा मातबर कारखाना होता. साठ वर्षें वस्त्रें रंगविलीं आणि उरला गाळ गांवाबाहेर टाकिला, आणि टाकितां टाकितां त्याची टेकडी जाहली. मग कारखाना बुडाला, मालक परमुलखीं गेले, टेकडी मात्र जागची हलली नाहीं. पावसाचें पाणी तींतून झिरपोन खालच्या विहिरीस लागलें आणि विहीर तांबडी जाहली, लेंकरांच्या अंगास फोड उठले. ही खबर महाराजांस पोहोंचतांच हुकूम जाहला कीं, टेकडी झांकावी. तेव्हां कारभारी आले, आणि गाळावर चिकणमातीचा थर धुम्मसानें ठोकोन बसविला, जेणेंकरोन पाणी आंत न शिरावें, आणि त्यावर एक हात चांगली माती घालोन मारवेल व हरळी लाविली. दुसरे वर्षीं टेकडी हिरवी जाहली, चौथे वर्षीं विहीर निवळली. मग कारभारी निघतेसमयीं गांवच्याच सुभानजी मुकादमांस बोलिले, "गवत राहूं द्यावें, झाड एकही राहूं देऊं नये. मूळ चिकणमाती फोडील आणि सारी मेहनत वायां जाईल." सुभानजींनी तरुणपणीं याच टेकडीवर गाळाच्या गाड्या रित्या केल्या होत्या. त्यांनी मान तुकविली.

मग अकरा वर्षें सुभानजी रोज सकाळीं खुरपें घेऊन चढत, आणि पांखरांनी टाकिलेल्या बियांचीं निंबाचीं, बोरीचीं, बाभळीचीं रोपें उपटीत. गांवकरी म्हणत, "मुकादम, सारं जग झाडं लावतं, तुम्हीच एक उपटता. वर गेल्यावर काय सांगाल?" सुभानजी म्हणत, "सांगेन, विहिरीचं पाणी पिऊन बघा."

ज्येष्ठांत सुभानजी अंथरुणास खिळले आणि भाद्रपदांत कैलासवासी जाहले. त्यांची एकुलती कन्या गोदूबाई राजधानीच्या पाठशाळेंत शिकवीत असत, त्या येऊन बापाजवळ राहिल्या होत्या. तेरावें उरकल्यावर त्या टेकडीवर गेल्या, तों माथ्यावर, जेथें सुभानजी दम खात बसत, तेथेंच उंबर उगवला होता. हातभर उंच, नऊ पानें.

ही वार्ता गांवांत पसरली. शेजारच्या हौसाबाई हळदकुंकू घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, बापच आला गं तुझा. बसायची जागासुद्धा सोडली नाही त्यानं." पाटील बोलिले, "उंबराला हात लावायचा नसतो. दत्ताचं झाड ते. पार बांधू, मुकादमाचं नाव देऊ." तें ऐकोन गोदूबाईंस बरें वाटलें, खोटें कां लिहावें. तीन दिवस त्या उंबरापाशीं जाऊन बसल्या, आणि खुरपें घरीं कोनाड्यांतच राहिलें.

चौथे दिवशीं हौसाबाईंनी उंबरास घालावया विहिरीचें पाणी तांब्यांतून आणिलें. गोदूबाई म्हणाल्या, "मावशी, थांबा. आधी मला द्या थोडं." ओंजळींत घेतलें तों हाताच्या रेषा स्वच्छ दिसल्या. त्या पाणी प्याल्या, मग उठोन घरीं गेल्या आणि खुरपें घेऊन आल्या.

पाटील वाट अडवोन म्हणाले, "पोटच्या पोरीनं बापाला उपटायचं?"

गोदूबाई म्हणाल्या, "पाटीलकाका, बाबांनी कुणाला सोडलं होतं का? निंब सोडला नाही, बोर सोडली नाही. स्वतःलाही सोडलं नसतं."

पाटील म्हणाले, "नसतंच सोडलं. फार हट्टी माणूस." आणि वाटेंतून सरले.

मग गोदूबाईंनी चोहोंकडोन माती उकरिली आणि मूळ अखंड काढोन आपल्या हातावर कोपरापासून आडवें ठेविलें. तें बोटांच्या पेरांशीं येऊन संपलें. चिकणमाती तेथोन चार बोटें खालीं होती. मग बापाच्या ओल्या उपरण्यांत गुंडाळोन उंबर खालीं नेला आणि जेथें गाळ कधीं पडला नव्हता ऐशा गांववस्तीच्या पांढरींत, देवळामागें, लाविला. हौसाबाईंनी हळदकुंकू तेथें वाहिलें. पाटील म्हणाले, "तू राजधानीला निघालीस की खुरपं माझ्याकडे ठेव. गुडघे दुखतात, पण चढेन."

येणेंप्रमाणें हकीकत जाहली. उंबराचीं नऊपैकीं चार पानें गळालीं, पांच राहिलीं. टेकडीवर झाड नाहीं. विहिरीचें पाणी गोड आहे.