पलीकडची घेत नाही

श्रीनिवास हुद्दारांच्या डोक्यातल्या एका चेतापेशीने मंगळवारी, चहा व्हायच्या आत, कळवलं की कुमुदताईंचा आवाज यापुढे पोचवता येणार नाही.

कुमुदताई म्हणजे हुद्दारांची बायको. दोन वर्षांपूर्वी भाजीला निघताना त्या दारात "येते हं" म्हणाल्या आणि मंडईतच कोसळल्या. आवाज म्हणून हुद्दारांकडे तेवढेच दोन शब्द उरले होते. ते ऐकल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.

"का नाही पोचवता येणार?" त्यांनी विचारलं.

"पलीकडची घेत नाही," पेशी म्हणाली. ती हुद्दारांच्याच वयाची, जन्मापासूनची सोबतीण, त्यामुळे एकेरीवर बोलायची. "आम्ही दोघी काही चिकटून नाही, शिरू. मध्ये फट आहे. मी अलीकडून रसायन सोडते, ते जाऊन तिच्या कड्या वाजवतं. तू दिवसभर एकच निरोप पाठवतोस. वैतागून तिनं कड्याच काढून घेतल्या. म्हणते, येते येते म्हणून निरोप येतो, बाई काही येत नाही."

"मग जरा जोरात सांग की तिला."

"जोरात, हळू असलं आमच्यात नसतं. सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं."

हुद्दारांचा जीव कासावीस झाला. "अगं, निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, म्हणून 'येते' म्हणतात! समजाव तिला."

"समजावलं. ती म्हणते, आमच्याकडे जो शब्द आला तोच धरतात."

"म्हणजे काहीच इलाज नाही?"

"आहे. माझ्या एकटीच्यानं तिचा उंबरठा ओलांडला जात नाही. आणखी चारचौघींनी त्याच क्षणी सांगितलं, तर तिला घ्यावंच लागेल. नियम आहे तसा."

उंबरठा म्हटल्यावर हुद्दारांना एकच ठाऊक होता. दार सताड उघडून ते त्यावर उभे राहिले. नाकातल्या पेशींसाठी त्यांनी मंडईतून परत आलेली कापडी पिशवी नाकाशी धरली. बोटांतल्या पेशींसाठी दाराची गार मूठ धरली. डोळ्यांसाठी कुमुदताईंच्या चपला जिन्याकडे तोंड करून मांडल्या.

"चला ग, सगळ्या मिळून," पेशी म्हणाली.

"येते हं."

अगदी कानाशी. त्या 'हं'मधली घाईसुद्धा तशीच. थांब, असं ओरडावंसं हुद्दारांना वाटलं. पण हा आवाज निघतानाचाच होता. तो ऐकायचा तर तिला जाऊ देणं भाग होतं.

"ये," ते म्हणाले. "सावकाश ये."

समोरच्या घोरपडे वहिनी दळणाचा डबा घेऊन जिना चढत होत्या. "कोण निघालंय, भाऊजी?"

"ही."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि डबा पोटाशी धरून, कुमुदताई खाली उतरेपर्यंत भिंतीला लागून उभ्या राहिल्या.